वरच्या चढाची चव

मी बोलतेय. दचकू नका, दचकायचं काम माझ्याकडे आहे. चढाच्या अगदी वरच्या टोकाला, दगडी बांधाला टेकून जी बुटकी, वाकडी द्राक्षवेल दिसते ना, ती मी. म्हणजे खोड माझं. त्याच्यावर जो पानांचा पसारा डोलतोय, तो माझा नाही. तो तिथे कसा आला, ते सांगायलाच आज तोंड उघडलंय.

मी जन्माची भित्री. वारा जरा जोरात आला की मला वाटतं, आता गारा. खांद्यावर पाखरू बसलं की वाटतं, कात्री. थंडी सरत आली की खालच्या शेतातल्या माझ्या बहिणी पटापट डोळे उघडतात. वेलीचा डोळा म्हणजे काडीवरचा तो फुगीर ठिपका, ज्यातून नवी फूट निघते. मी मात्र डोळे घट्ट मिटून पडून राहायची. न जाणो, अजून एखादी गोठवणारी पहाट बाकी असेल! आणि बहुतेक वर्षी ती असायचीच. खाली बहिणींची कोवळी पानं करपून काळी पडायची आणि वर मी अजून मिटलेलीच असायची.

हवेला मी बरोबर ओळखून होते. फसले ती माणसांच्या बाबतीत.

बहिणी म्हटलं ते उगाच नाही. आम्ही सगळ्या एकाच वेलीच्या काड्या, एकाच दिवशी तोडलेल्या, एकाच ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेल्या. ज्यांनी आणल्या त्यांना मी बाबा म्हणते, कारण त्यांची मुलगी तसं म्हणायची. तेव्हा ती जन्मलीही नव्हती आणि बाबा तरुण होते. सोबत त्यांचा धाकटा भाऊ होता, म्हणजे पुढचा काका. त्यानं नदीकाठचं सपाट शेत घेतलं. काळी, खोल, लोण्यासारखी माती. बाबा माझ्यासारख्या उरलेल्या काड्या घेऊन चढ चढू लागले.

"दादा, अरे वर कुठे निघालास? दगडांना द्राक्षं लावणार आहेस का?"

"दगडांनाच लावतो," बाबा म्हणाले. "बघू काय म्हणतात."

दगड काहीच म्हणाले नाहीत. जागाही देईनात. हातभर मातीखाली सगळा फुटका कातळ. माझं मूळ एका फटीत शिरलं, तिथून दुसऱ्या, तिथून आणखी खोल, जिथे उन्हाळ्यातसुद्धा थोडीशी ओल टिकते. खालच्या बहिणींना पाणी हाताशी होतं, त्या आरामात रुंद पानं पसरून बसल्या. मला थेंबाथेंबासाठी वणवण करावी लागली. त्यामुळे माझी पानं लहान, घड आटोपशीर, मणी बारीक आणि जाड सालीचे.

दिवसा ऊन आम्हा सगळ्यांना सारखंच. फरक पडायचा तो सूर्य बुडाल्यावर. डोंगराला वरच्या बाजूला एक खिंड आहे. संध्याकाळी तिच्यातून थंड वारा सुटायचा आणि पहिला मलाच भेटायचा. पायाशी दिवसभर तापलेले दगड ऊब सोडायचे, डोक्यावर वारा कुडकुडवायचा. खाली नदीकाठी रात्रही उबदार, म्हणून बहिणींची द्राक्षं लवकर पिकायची, गोडमिट्ट व्हायची. माझी सावकाश पिकायची आणि पिकताना आंबटपणा मुठीत धरून ठेवायची. सकाळी नदीवरून धुक्याची धुई निघायची. खालचं शेत त्यात बुडायचं, चढाच्या मध्यावरचं शेत गळ्यापर्यंत, आणि माझ्या घोट्याला शिवून ती मागे फिरायची.

एकाच आईच्या लेकी, पण खालच्या शेताची वाईन दाट, गडद, गोड. घोट घेतला की घरी पाहुणचार झाल्यासारखं वाटायचं. माझी फिकट, आंबटसर, आणि शेवटी जिभेवर ओल्या दगडाची चव. पहिल्या घोटाला माणूस तोंड वाकडं करायचा आणि मग पेल्याकडे बघत बसायचा.

या घराची एक रीत होती. नवी वाईन प्यायला तयार झाली की पहिला घोट तळघरात घ्यायचा नाही. घरातली सगळी माणसं वर, माझ्याजवळ यायची. बांधाला लागून एक सपाट शिळा आहे, तिच्यावर तिन्ही शेतांच्या बाटल्या ठेवायच्या. एकानं ओतायचं, बाकीच्यांनी डोळे मिटायचे. चांगली की वाईट, हे बोलायचं नाही. बोललात तर पेला काढून घेतला जायचा. फक्त दोन गोष्टी सांगायच्या: कुठली, आणि कशानं. म्हणजे कुठल्या शेताची, आणि त्या वर्षी हवेनं तिला काय केलं.

"खालची," काका म्हणायचा. "आणि कशानं म्हणाल तर, माझ्या कष्टानं."

"कष्ट म्हणजे हवा नव्हे," बाबा हसून म्हणायचे. "ही खालची, खरंय. पिकायच्या वेळी पाऊस झाला होता. बघ, मागे जरा पाणचट लागतेय."

बाबा कधी चुकायचे नाहीत. आणि त्यांच्या मांडीवर बसून जिभेला फक्त थेंब लावणारी त्यांची मुलगी, तीही चुकेनाशी झाली. एका जागी ठरायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. पण डोळे मिटले की ही भिंगरी थांबायची. "वरची," ती म्हणायची. "या वर्षी धुई उशिरा उठायची. हिला थंडी वाजत होती."

हिला थंडी वाजत होती! माझ्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं हो. मला भरून आलं.

शाळेतून आली की ती थेट वर यायची. दप्तर शिळेवर, चपला कुठेतरी, आणि माझे कोवळे तणावे, म्हणजे आधाराला पकडायला वेल जे सुतासारखे हात काढते ना, ते तोडून चघळायची. आंबट लागायचे, ती डोळे मिचकावायची आणि पुन्हा तोडायची. तिनं तोडलेलं मला कधी दुखलं नाही. माझ्यासारखीच भित्री पोर ती. परीक्षेची भीती, ढगांची भीती, आई रागावेल याची भीती. सगळ्या भीत्या मला येऊन सांगायची. एकदा काका गमतीनं म्हणाला, "दादा, ही वरची बाग काढ आता. नुसती आंबट तोंडं!" तर ही धावत आली आणि दोन्ही हातांनी माझं खोड धरून उभी राहिली.

"हिला कुणी हात लावायचा नाही. मी लावू देणार नाही. गळ्याशप्पथ!"

कुणाच्या गळ्याची, ते तिनं सांगितलं नव्हतं. मी विचारायला हवं होतं.

मग ती शिकायला गेली. वाईन बनवायचंच शिक्षण घेतलं. परत आली ती केस कापलेली, चष्मा लावलेली, पण पाय तसेच, एका जागी न ठरणारे. बाबांचे गुडघे एव्हाना कुरकुरत होते. त्यांनी तळघराच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "आता तू बघ." सगळ्यांना तिनं सांगून टाकलं, की वरच्या चढाची वाईन मी गावोगावी पोचवून दाखवीन. ऐकून माझी पानं थरथरली. आनंदानं, असं तेव्हा वाटलं.

तिनं एका व्यापाऱ्याला वर आणलं. गुळगुळीत बूट, माझ्या दगडांवर पाय घसरतोय, आणि त्याचा राग चढावर. त्यानं माझ्या वाईनचा घोट घेतला.

"चव बरी आहे हो. पण अंगात काही नाही. रंग बघा, पेला धुतलेलं पाणी वाटतंय. जरा दाट होईल का?"

"हा चढच असा आहे," भिंगरी म्हणाली. "इथे रात्री गार असतात ना, त्यामुळे..."

"रात्री आम्ही विकत नाही, बाई. वाईन विकतो. वरच्या चढाचं नाव छान आहे. नावाला शोभेल असं काहीतरी द्या, मी सगळी उचलतो."

तो गेल्यावर ती बराच वेळ नखं कुरतडत बसली. त्या वर्षी गाराही झाल्या होत्या, माझे निम्मे घड मातीत गेले होते. जे उरलं ते आणखीच फिकट. तिचा जीव टांगणीला लागला होता हे मला दिसत होतं. सगळ्यांना सांगून बसलेली पोर. आता काय तोंड दाखवणार?

पहिल्या घोटाचा दिवस आला. ती सगळ्यांच्या आधी वर आली. पिशवीतून दोन बाटल्या काढल्या, एक माझी, एक खालच्या शेताची. मग मोकळी सुरई काढली. आधी माझी ओतली. इकडेतिकडे बघितलं. माझ्याकडे नाही बघितलं. आणि खालची ओतली, चांगली भरपूर. हलवली. वास घेतला. रंग उन्हात धरून पाहिला.

मला बहिणीचा वास आला. बहिणीबद्दल माझ्या मनात काही नाही, ती गोड आहे, आपल्या जागी सुखी आहे. पण माझ्या नावाच्या पेल्यात ती?

बाबा काठी टेकत आले, मागून काका. बाबा शिळेवर बसले, डोळे मिटले. भिंगरीनं सुरईतून त्यांचा पेला भरला. पेल्याची कड सुरईला लागून किणकिणत राहिली.

मी निर्धास्त होते. माझ्या आयुष्यात एवढी निर्धास्त मी कधीच नव्हते. हे बाबा होते. हे पहिल्याच घोटाला म्हणणार, भिंगरे, हे काय केलंस?

बाबांनी घोट घेतला. तोंडात धरला. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला. त्यांच्या भुवया किंचित जवळ आल्या. मग गिळला.

"वरचा चढ," ते म्हणाले.

आणि पेला खाली ठेवला.

"घ्या!" काका म्हणाला. "या खेपेला रंग तरी आलाय पोरीच्या हातानं." त्यानं तिच्या पाठीवर थाप मारली. ती हसली नाही. बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली, अजून काहीतरी येईल म्हणून. बाबा काठी शोधत होते.

दोघं उतरून गेल्यावर ती माझ्या खोडाशी मटकन बसली.

"बाबांनासुद्धा कळलं नाही गं," ती म्हणाली. "मी मुद्दाम त्यांनाच आधी दिली. वाटलं, ते पकडतील. पकडलं असतं तर सगळी ओतून दिली असती, खरंच सांगते. त्या माणसाला नाही म्हणून कळवलं असतं." तिनं चष्मा काढून पुसला. "पण त्यांनाच फरक कळत नसेल, तर मग फरक आहे तरी का? की आपण लहानपणापासून नुसता खेळच खेळत होतो?"

मला ओरडावंसं वाटलं. वेलीला ओरडता येत नाही. वारा असता तर निदान सळसळले असते, पण वारासुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा एकटेच वर आले. बांधाला टेकले, धाप जाऊ दिली, मग माझ्या खोडावर हात ठेवला.

"कळलं मला," ते म्हणाले. "पहिल्या घोटालाच कळलं. निम्मी धाकट्याची होती." हात खरखरीत, ओळखीचा. "पण पेला कसा वाजत होता ऐकलंस ना? इतक्या वर्षांनी घरी आलेली पोर, तिला काकासमोर खोटी कसं म्हणू? एकदा होतं असं माणसाच्या हातून. सांगीन तिला. सवडीनं सांगीन."

बघा, दोघांचंही मला माहीत होतं. तिला वाटत होतं, कुणीतरी पकडावं, त्यांना तिला वाचवायचं होतं, आणि दोघंही येऊन सांगत होते मला, जिला तोंड नाही. मला वाटलं, ठीक आहे, आज ना उद्या जेवताना बोलतील. एका घरात तर राहतात. एकमेकांना भाजी वाढतात.

ती सवड काही आली नाही.

व्यापाऱ्यानं सगळी उचलली. लोकांना दाट आवडली. पुढच्या वर्षी आणखी दाट हवी झाली. भिंगरी आता पेला न वाजवता ओतू लागली आणि वर यायची बंद झाली. तळघरातच चव घेतली जाऊ लागली, तीही डोळे उघडे ठेवून. आणि मग एका सकाळी, मी अजून डोळे मिटून होते, तेव्हा चढावर बुटांचे आवाज आले.

तिच्याबरोबर कलमवाला होता. त्याच्या पेटीत करवत, सुरी, मेण आणि एका परक्या जातीच्या काड्या. ती जात उष्ण, सपाट मुलखातली. घरात तिला नुसतं काळी म्हणत, कारण रस शाईसारखा.

"ताई, खोड झकास आहे हो हिचं," कलमवाला माझी साल थोपटत म्हणाला. "मुळं खोल असणार. डोकं तेवढं उतरवू, की हिच्याच जोरावर नवी जात चालेल. खात्री आहे ना पण? इथे गारवा फार दिसतोय."

"ऊन भरपूर आहे," ती म्हणाली. तिला माहीत होतं. रात्रींबद्दल तिनं काही सांगितलं नाही.

मी बाबांची वाट पाहिली. ते खाली, चढाच्या पायथ्याशी उभे होते. काका म्हणाला, "दादा, वर नाही जात?" तर म्हणाले, "गुडघे दुखताहेत." कालच ते याच गुडघ्यांनी विहिरीपर्यंत गेले होते, मी पाहिलं होतं.

माणसं केसानं गळा कापतात म्हणे. माझा करवतीनं कापला. ज्या जागी तिनं लहानपणी दोन हात आवळून धरले होते, त्याच्या किंचित वर. कापल्यावर खोडातून पाणी ठिबकू लागलं. थंडीच्या शेवटी कापलं की आम्हा वेलींचं असं होतंच, त्यात रडण्याचं काही नाही, असं जाणकार सांगतात. जाणकारांचं डोकं जागेवर असतं. मग खोडाला चीर देऊन त्यात काळीची काडी पाचरीसारखी ठोकली, पट्टी गुंडाळली, मेण लावलं. आणि माझ्या मुळांनी, जी दगडात वणवण करून इतकी वर्षं मला पाणी आणत होती, त्यांनी मुकाट्यानं तिलाही पाणी दिलं. मुळंसुद्धा माझी राहिली नाहीत.

माझ्याबरोबर वरची सगळी रांग कापली.

काळीला ही जागा माहीत नव्हती. मला सांगता आलं असतं, कुणी विचारलं असतं तर. थंडी जरा ओसरली की ती बावळट घाईघाईनं डोळे उघडायची आणि पहाट तिची पानं करपवून टाकायची. उरलेल्या घडांत पाणी उतरायचं, रंग चढायचा, आणि अर्ध्या वाटेत संध्याकाळचा वारा येऊन बसायचा. रंग तिथेच थांबायचा. भिंगरीनं पानं विरळ केली, घड कमी केले, बांधाला आडोसा लावला. खिंड जागची हलली नाही.

बरीच वाट पाहून पहिली वाईन बाटलीत भरता आली, तेव्हा व्यापाऱ्यानं चव घेऊन परत पाठवली. आणि त्या हिवाळ्याच्या शेवटी, कितीतरी वर्षांनी, घरातली माणसं पुन्हा शिळेपाशी आली. रीत म्हणून नाही. बाबाच म्हणाले, एकदा वर नेता का मला. काकानं हाताला धरून आणलं. ते आता खूपच वाकले होते. मला कापल्यापासून ते पहिल्यांदाच वर येत होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं, मग बघितलं नाही.

भिंगरीनं तीन बाटल्या मांडल्या. बाबांनी डोळे मिटले. तिनं न सांगता ओतलं, तिन्हींच्या मध्ये ठेवलेली बाटली, काळीची.

बाबांनी घोट घेतला. तोंडात धरला नाही फार वेळ.

"वरचा चढ," ते म्हणाले.

काका हसला. "दादा, जात बदलली की रे! वेलच दुसरी आहे, तुला काय डोंबल वरचा चढ लागतोय?"

"जात दुसरी आहे. चढ तोच आहे," बाबा म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच. "डोळे उघडल्यावर थंडीनं चावलंय हिला. धुई उशिरापर्यंत होती. पिकायच्या वेळी खिंडीतला वारा लवकर सुटला. बिचारी कुडकुडत होती." त्यांनी ओठ पुसले. "आणि मागे तो ओला दगड. तो कुठे जातोय!"

भिंगरीच्या हातात बाटली तशीच होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली. "एवढं कळतं तुम्हाला?"

"कुठली आणि कशानं, एवढंच येतं. बाकी काय येतंय मला?"

"मग त्या वर्षी... मी पहिल्यांदा ओतली होती तेव्हा," तिनं बाटली शिळेवर ठेवली, "तुम्ही कुठली ते सांगितलंत. कशानं ते सांगितलंच नव्हतं."

बाबांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं. मग सावकाश मान वळवून माझ्याकडे, पट्टीची जुनी खूण असलेल्या माझ्या खोडाकडे.

"नव्हतं," ते म्हणाले. "त्या वर्षी गारा होत्या."

गारा होत्या. एवढे दोन शब्द तेव्हा म्हणायचे होते हो, बाबा. नाहीतर तिनं विचारायचं होतं, कशानं? तेवढ्यानं तिला कळलं असतं, की फरक तुम्हाला कळतो. माझं डोकं त्या दोन शब्दांवर टिकलं असतं.

ती रडली. काकानं बाटल्या पिशवीत भरल्या. खाली उतरताना तिनं बाबांचा दुसरा हात धरला होता. दोघांचं आपसात मिटलं असावं. माझ्याशी येऊन कुणी मिटवलं नाही.

आता थंडी सरलीय. कलमाच्या खाली, माझ्या स्वतःच्या खोडातून एक फूट निघालीय. माझी. दर वर्षी निघते आणि दर वर्षी मोडली जाते, कारण खालची फूट ठेवली तर वरच्या कलमाचं बळ जातं, असा नियम आहे. या वर्षी ती जरा उशिरा निघाली, भित्री ती भित्रीच. दोन पानं आलीत, आणि एक तणावा, कोवळा, हिरवा, काहीतरी धरायला शोधणारा.

रांगेच्या त्या टोकाला भिंगरी आलीय. वाकते, खालची फूट अंगठ्यानं दाबते, मोडते, पुढे सरकते. आवाज जवळ येतोय. मला धडकी भरलीय, नेहमीसारखीच.

माफी वगैरे मला नको. शपथही नको, पुरे झाल्या शपथा. मोडायची तर मोड. पण बाई, मोडण्याआधी तो तणावा एकदा दाताखाली धर, पूर्वी धरायचीस तसा. डोळे मीट. आणि इथे कुणी ऐकणारं नसलं तरी मोठ्यानं सांग.

कुठली, आणि कशानं.